बुटक्यांचं खुराडं

सुकन्या माहेराहून आली ती डोक्यावर पाटी घेऊन. पाटीवर जुन्या लुगड्याचा तुकडा बांधलेला आणि आतून कुरकुर चाललेली. कळंबहून निमगाव केतकीला येताना कंडक्टरनं दोनदा विचारलं म्हणे, "बाई, पाटीत काय हाय?" आणि तिनं दोन्ही वेळा "भाजी" म्हणून सांगितलं. अंगणात पाटी उतरवून तिनं गाठ सोडली, तशी भाजी पंख फडफडवत बाहेर उडाली.

आधी कोंबडा आला. जेमतेम दीड वीत उंच, पायांवर नखांपर्यंत पिसं आणि तोरा मात्र गावच्या पाटलाचा. त्याच्यामागून चार कोंबड्या निघाल्या, त्याही तशाच बुटक्या, लालसर, गोल गोल. कोंबड्यानं अंगणात एक चक्कर मारली, सुकन्याच्या सासूच्या, तानूबाईच्या पायाशी येऊन मान वर केली आणि आरवला.

"आगं बया!" तानूबाई दोन पावलं मागं सरली. "ही काय कोंबडी म्हणायची? रस्सा केला तर वाटी भरायची न्हाय."

"खायाच्या न्हाईत ह्या, आत्याबाई," सुकन्या म्हणाली. "आमचे दादा बंगल्यावर बाग बघत्यात न्हवं, त्या सायबाच्या हायत. सायबाची बदली झाली, तवा त्येनं दादांस्नी दिल्या. दादा म्हणाले, पोरी, तुला घिऊन जा."

शेवटचं, बापाचं वाक्य बोलताना तिचा आवाज जरा बदलला. लग्न होऊन चार वर्षं झाली होती, पण या घरात तिचं असं काही नव्हतं. डाळीच्या डब्यापासून पेटीच्या किल्लीपर्यंत सगळं सासूच्या हाताखालचं. पोट अजून पिकलेलं नव्हतं, त्यामुळे बोलायलाही तोंड नव्हतं. या पाच पाखरांना ती "माझ्या" म्हणू शकत होती. ओट्यावर बसून चिलीम ओढणाऱ्या जोतीरामला, तिच्या सासऱ्याला, हे कळलं. बाईमाणसाच्या मनातलं त्याला फारसं कळत नसे, पण जनावर आपलं असण्यात काय असतं ते त्याच्याइतकं कुणाला कळणार?

"राहू द्या की," तो म्हणाला. "म्या खुराडं बांधून देतो."

जोतीराम धनगर. तीन वर्षांपूर्वीपर्यंत त्याच्या मागं मेंढरं होती. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड टाकून घाटाखाली उतरायचं आणि पावसाच्या तोंडाला परत यायचं, असं आयुष्य गेलं. पुढं चारही बाजूंनी ऊस आणि डाळिंब झालं, जिथं तिथं तारेची कुंपणं आली. पोरगा दादासो ट्रॅक्टरच्या सीटवर बसला, त्याला पायपीट नको वाटायला लागली. मेंढरं विकली. आता जोतीराम दुसऱ्याच्या पानमळ्यात पाणी द्यायला जायचा. पण वाड्यावाड्यांवर अजून त्याचं नाव निघायचं. जोतीरामच्या वाघरीतून लांडग्यानं कधी कोकरू नेलं नाही, असं जुनी माणसं सांगायची. ते खरंही होतं. म्हातारपणी माणसाकडं अशी एखादीच गोष्ट उरते, आणि ती तो रोज झाडूनपुसून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यानं परसात, न्हाणीच्या मागं, शेवग्याच्या सावलीला जागा धरली. बाभळीच्या मेढी काढल्या, पहारीनं खड्डे घेतले, मेढी रोवून भोवती दगड ठोकले. माळ्यावर गुंडाळून ठेवलेली वाघर खाली ओढली. मेंढरं कोंडायची ती जाळी, दोरखंडाची, अजून तिला लोकरीचा वास येत होता. त्यानं ती दुहेरी केली, कारण पाखरं बारकी, आणि मेढींना अशी ताणून बांधली की बोटानं टिचकी मारली तर वाजावी. बाहेरून बोरीच्या काट्यांचं कुंपण रचलं. वर जुना पत्रा टाकला, पत्र्यावर दगड ठेवले. काम करताना त्याच्या पाठीतून घाम गळत होता आणि कित्येक दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर हुकमत आली होती. हे आण, ते धर, तिकडं नको, हिकडं.

दादासो ट्रॅक्टरच्या पाळीवरून आला आणि ते बघून हसायला लागला. "आबा, कोंबड्या ठिवायच्यात का वाघ आडवायचाय?"

"तू गप. तुला काय कळतंय राखणीतलं?"

सुकन्या शेण-माती कालवत होती. तिनं हात थांबवला आणि जरा भीतभीतच विचारलं, "मामंजी, खाली फरशीचं तुकडं टाकायचं का? न्हाणीपाशी पडल्यात बगा. बंगल्यावर दादांनी खाली फरशी घातल्याली. खालनं येतंय म्हणत हुते."

"खालनं काय येतंय?"

"घूस."

जोतीराम हसला. दादासोकडं बघून हसला, तानूबाईकडं बघून हसला. "पोरी, भुईतनं लांडगा येत न्हाय. जनावराला माती लागती. पाय थंड राहत्यात, उकरायला मिळतंय. फरशीवर कोंबडी सायबाची. ही आता धनगराची हाय."

तानूबाईनं पदर तोंडाला लावला. "लई शिकवाय लागलीया सासऱ्याला! बंगल्यातली बाई आलीया आमच्यात."

सुकन्यानं मान खाली घातली आणि परत माती तुडवायला लागली. जोतीरामला जरा वाईट वाटलं, पण बोललं ते बोललं. खुराड्याची भुई मातीचीच राहिली.

पहिला महिना बरा गेला. कोंबड्या बारकी बारकी अंडी घालायच्या, सुकन्या ती पदरात घेऊन यायची. एक कोंबडी खुडूक बसली आणि पिल्लं निघाली. कापसाच्या बोंडासारखी पिल्लं आईच्या मागं परसात पळायला लागली तेव्हा तानूबाईसुद्धा जात्याशी बसल्या बसल्या त्यांच्याकडं बघायची. एकदा तिनं मूठभर कण्या टाकल्या आणि कुणी पाहिलं का म्हणून हळूच मागं बघितलं. सुकन्यानं पाहिलं होतं. तिनं ते सासऱ्याला सांगितलं आणि दोघं चोरून हसली.

मग थंडी वाढली, आभाळ धरून यायला लागलं, आणि एक पिल्लू गेलं.

ना रक्त, ना पीस. वाघर जशीच्या तशी ताणलेली, काटे जागच्या जागी. जोतीरामनं खुराड्याभोवती बसून बोटानं माती चाचपली. बोक्याचं पाऊल नाही, मुंगसाचं नाही. "घारीनं दिवसाच नेलं आसल," तो म्हणाला, पण स्वतःलाच ते पटलं नाही. दोन दिवसांनी आणखी एक गेलं. त्यानं घोंगडं घेऊन खुराड्याशेजारी झोपायला सुरुवात केली. थंडीनं गुडघे धरायचे, खोकला यायचा. लांडगा दुरून यायचा, त्याचा वास यायचा, मेंढरं आधी उठून उभी राहायची, सगळं कळायचं. इथं काहीच येत नव्हतं. फक्त एकदा डोळा लागता लागता त्याला कानाखाली, जमिनीच्या आत, काहीतरी खरवडल्याचा आवाज आला. तो उठून बसला तर आवाज थांबला. सकाळी आणखी एक पिल्लू कमी होतं.

न्हाणीच्या पाण्याची चर जिथून जायची तिथं, शेवग्याच्या बुंध्याआड, त्याला ओल्या मातीचा ढीग सापडला. शेजारी मनगट आत जाईल एवढं बीळ. बीळ सरळ खुराड्याखाली गेलेलं होतं.

घूस. सून म्हणाली होती तीच.

आता काय करायचं ते उघड होतं. कोंबड्या दुसरीकडं कोंडायच्या, भुई उकरायची आणि न्हाणीपाशी पडलेली फरशी आत घालायची. अर्ध्या दिवसाचं काम. पण ते करायचं म्हणजे सुनेसमोर, पोरासमोर, बायकोसमोर करायचं. ज्या वाघरीवर जन्म काढला तिच्याखालून उंदराच्या जातीनं वाट काढली, हे आपल्या हातानं उकरून दाखवायचं. जोतीरामनं बिळात दगड ठोकला, वरून माती दाबली आणि कुणाला काही सांगितलं नाही.

घुशीनं दगडाच्या बाजूनं दुसरी वाट काढली. त्या वेळी अंडी उबवत रवणीवर बसलेल्या दुसऱ्या कोंबडीचा पायच फाडला. सुकन्यानं हळद दाबून पायाला चिंधी बांधली. तिचे डोळे लाल झाले होते.

"मामंजी, फरशी घालूया का? म्या घालती. तुमी नुसतं सांगा."

"म्या बघतो म्हणलं न्हवं!" जोतीराम ओरडला. "सारखं फरशी, फरशी!"

चार वर्षांत तो तिच्यावर पहिल्यांदा ओरडला. सुकन्या कोंबडी छातीशी धरून आत गेली. तानूबाईनं चुलीपुढून मान वळवून नवऱ्याकडं पाहिलं.

निमगावच्या बाजारादिवशी तो बी-बियाणांच्या दुकानात गेला आणि उंदराचं औषध मागितलं. दुकानातल्या पोरानं काळ्या भुकटीची पुडी दिली. "आबा, जपून. कोंबड्याबिंबड्या आसल्या तर लांब ठिवा. हात धुवा."

"मला शिकवू नगंस."

पुडी त्यानं पटक्याच्या घडीत खोवली. सबंध वाट डोक्यावर ओझं असल्यासारखी मान ताठ झाली होती. कारण होतं. फार वर्षांपूर्वी घाटाखाली एका बागायतदारानं कोल्ह्यांसाठी इख घातलेली भाकरी बांधावर टाकली, आणि ती जोतीरामच्या कुत्र्यानं खाल्ली होती. तेव्हा त्यानं त्या माणसाच्या दारात उभं राहून शिव्याशाप दिले होते. इख घालणारा माणूस राखण्या नव्हे, तो भित्रा, असं म्हणाला होता. ती गोष्ट वाड्यावर कितीदा सांगून झाली होती. तानूबाईला ती पाठ होती. सुकन्यालाही त्यानं सांगितली होती. त्यामुळे आता हे घरात कळता कामा नये, एवढं त्यानं ठरवून टाकलं.

गोळ्याही त्यानं घरी केल्या नाहीत. पानमळ्यात, दुपारच्या भाकरीतली अर्धी ठेवून, तिथंच कालवल्या. संध्याकाळी बायका चुलीपाशी गुंतल्या तेव्हा परसात जाऊन बिळात सारल्या, तोंडावर दगड ठेवला आणि हात मातीनं घासून घासून धुतले.

सकाळी बघितलं तर दगड बाजूला सरकलेला, बिळाच्या तोंडाशी एकही गोळी नाही. खाल्ल्या रांडेनं! जोतीरामला आनंद झाला. आत पाखरं अंगावर पीस फुलवून बसली होती. कोवळा उजेड अजून खुराड्यात पोचला नव्हता, त्यामुळे आतली भुई त्याला नीट दिसली नाही. घूस सापडलेलं खाणं जागेवर खात नाही, ओढत नेते, सांडत नेते. हे त्याला माहीत नव्हतं. मेंढरात घालवलेल्या जन्मात घुशीशी त्याचा संबंध कधी आला नव्हता. तो भाकरी बांधून पानमळ्यात गेला.

दिवसभर त्यानं वाफ्यांना पाणी फिरवलं. शेवरीच्या दाट सावलीत ओलसर गारवा होता, पायाची बोटं पांढरी पडली होती, पण मन हलकं होतं. रात्री नीट झोप लागेल, आणि आठ दिवसांनी सुनेला म्हणायचं, बघ, गेली का न्हाय घूस? असं तो मनाशी घोळवत होता.

दिवस कलला तसा घरी निघाला. आभाळ खाली आलं होतं, वारा पडला होता. साखरबाईच्या दारावरून जाताना ती सूप हातात घेऊन उभी दिसली. तिच्या कोंबड्या गेल्या आठवड्यातच रोगानं पडल्या होत्या.

"जोतीआबा," ती म्हणाली, "तुमच्यातबी आली म्हणं मानमोडी."

"कुणाला?"

"कोंबड्यास्नी. तानूबाय सांगत हुती."

जोतीराम पुढं निघाला. त्याची चाल आपोआप वाढली. बोळाच्या तोंडालाच त्याला खोबऱ्या-लसणाच्या वाटणाचा वास आला.

तानूबाई चुलीपुढं बसली होती. चुलीवर भगुलं रटरटत होतं. कधी नव्हे ते ती मोकळ्या चेहऱ्यानं बोलली. "आलासा? बसा. आज कालवण हाय. पाय फाटल्याली ती कोंबडी सकाळी मान टाकाय लागली. पंख पसरलं, झोकांड्या खाय लागली. सगळ्या आळीत मानमोडी हाय, म्या लगीच वळाकली. म्हणलं पाय ताणायच्या आत सुरी लावा. दादासोनं कापली. मेलेलं खाऊ ने, पर मरतंय ते वाया का घालवायचं?"

ही सगळ्या गावाची रीत होती. रोग आला की पडत्या कोंबडीला कुणी मरू देत नसे. जोतीरामनंही शंभरदा असं खाल्लं होतं. पण आता त्याला बिळातल्या गोळ्या आठवल्या.

"बाकीच्या?"

"कोंबडा बराय. दुसरी एक जरा मलूल दिसतीया. तिलाबी उद्या..."

"कुणी खाल्लं का आजून?"

"न्हाय की. तुमी आन् दादासो आल्याबिगर कशाला?" तानूबाईनं भगुल्यावरचं झाकण सारखं केलं आणि जरा लाजल्यासारखी होऊन म्हणाली, "नुसतं काळीज आन् पेटं निखाऱ्यावर भाजलं. ते सुनंला दिलं. नगं म्हणत हुती, माझ्या कोंबडीचं मला जायाचं न्हाय म्हणाली. म्याच बळं घातलं. म्हणलं, पोरी, तुझी कोंबडी, पयला घास तुझा. चार वर्सं झाली, म्या तिला कवा पयलं वाढलं न्हवतं."

जोतीरामनं वळून पाहिलं. ओट्याच्या कोपऱ्यात, भिंतीला टेकून, सुकन्या बसली होती. गुडघे पोटाशी घेतलेले, ओठ पांढरे.

"काय हुतंय गं?"

"पोटात डागल्यागत हुतंया, मामंजी. दोनदा उलटी झाली. तान लई लागतीया."

त्या क्षणी बोलायचं होतं. शब्द तयार होते, अगदी जिभेवर होते. इख म्या घातलं. तीन शब्दांचं काम. पण तानूबाई त्याच्याकडं बघत होती, आज कधी नव्हे ती खुशीत होती, आणि जोतीरामनं ते शब्द गिळले. उलटी झालीय म्हणजे बाहेर पडलं असेल, असं त्याच्या मनानं त्याला सांगितलं. कोंबडीनं गिळलेलं ज्यात साठतं ते पेटं, पण केवढंसं. पित्त असेल. माणसाचं मन अशा वेळी वकिलापेक्षा हुशार होतं.

"पित्त आसल," तो म्हणाला. "लिंबू पिळून द्या."

आणि पाणी घ्यायला निघाल्यासारखा तो चुलीकडं गेला, पाय अडखळल्यासारखं केलं आणि भगुलं लाथेनं कलंडवलं. रस्सा निखाऱ्यांवर सांडला, राखेचा लोट उठला, फोडी मातीत गेल्या.

"आवं डोळं फुटलं का काय तुमचं!" तानूबाई किंचाळली. "सकाळधरनं वाटण वाटलंय म्या! सनासुदीला कोंबडं मिळत न्हाय, आन् ह्यास्नी चालायची शुद न्हाय! मेंढरं गेली, आता पायबी गेलं!"

एरवी असं बोललेलं त्यानं ऐकून घेतलं नसतं. आज घेतलं. खाली मान घालून तो फोडी गोळा करू लागला, परसात नेऊन खोल पुरल्या. मनात तर एक प्रकारचं समाधानच होतं, की शिव्या खाल्ल्या पण घर वाचवलं. परत आला तेव्हा सुकन्या त्याच्याकडंच बघत होती. त्यानं नजर दुसरीकडं वळवली.

दिवेलागणीला ती गडाबडा लोळायला लागली. साखरबाई आली, आणखी दोघी बायका आल्या. कुणी म्हणालं बाहेरचं लागलं असेल, कुणी म्हणालं दिवस गेले असतील. त्यावर तानूबाईच्या चेहऱ्यावर आशा आणि भीती दोन्ही आली. तिनं मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. सुकन्याच्या तोंडाला लसणासारखा उग्र वास येत होता, पण सगळं घरच वाटणाच्या वासानं भरलेलं. त्याची दखल कुणी घेतली नाही. जोतीराम उंबऱ्यात उभा होता. आत जात नव्हता, बाहेर जात नव्हता.

दादासो ट्रॅक्टर लावून आला, त्यानं बायकोचे गार हात धरले आणि तसाच पळत जाऊन जीप घेऊन आला. तानूबाईनं सुनेचं डोकं मांडीवर घेतलं. इंदापूरपर्यंत ती तिच्या कपाळावरून हात फिरवत "माझी बाय, माझी बाय" एवढंच म्हणत राहिली. जोतीराम मागच्या बाजूला, स्टेपनीवर बसला होता. खड्ड्यागणिक सुकन्या कण्हायची आणि खड्ड्यागणिक तो मनात म्हणायचा, आता सांगतो. पुढच्या वळणावर सांगतो. वळणं संपली.

डॉक्टर तरुण होता. त्यानं नाडी बघितली, डोळे बघितले, वाकून तिच्या तोंडाचा वास घेतला आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"काय खाल्लं होतं?"

"कोंबडीचं काळीज, पेटं," दादासो म्हणाला. "रोगाची कोंबडी हुती."

"रोगाच्या कोंबडीनं असं होत नाही. घरात भांडण झालं होतं का? हिनं काही घेतलंय का? खरं सांगा. औषध वेगळं करावं लागतं."

दादासोचं तोंड पडलं. तो बायकोकडं संशयानं बघायला लागला. "सुकन्या, काय घितलं का तू? कशापायी?"

सुकन्यानं मान हलवायचा प्रयत्न केला. तेवढ्यात तानूबाई पुढं आली. पदर कमरेला खोचलेला, डोळे भरलेले. तिनं नवऱ्याचा हात धरला आणि डॉक्टरसमोर केला.

"डाक्टरसायब, बिरुबाची आण, ह्यांची आण. आमच्या घरात इख न्हाय. धनगराचं घर हाय. ह्या माणसानं जल्मात कवा इखाला हात लावला न्हाय. इचारा कुणालाबी."

त्यानं धरलेला हात ओढून घ्यायला बघितला. तिला वाटलं म्हाताऱ्याला रडू येतंय. तिनं तो आणखी घट्ट धरला.

"तानू, सोड," जोतीराम म्हणाला. मग डॉक्टरकडं बघून म्हणाला, "म्या घातलं. घुशीला. काळं औषध. कोंबडीनं खाल्लं आसंल."

डॉक्टरनं त्याला पुडीचं नाव विचारलं, ते त्याला आठवेना. रंग सांगितला, वास सांगितला.

"तुम्हाला हे कधी समजलं?"

"घरी आलो तवा. दिवस हुता आजून."

"आणि आत्ता सांगताय?" डॉक्टर ओरडला, पण लगेच नर्सला हाका मारत वळला. पडदा ओढला गेला.

पडद्याआडून नळीचा, पाण्याचा, ओकाऱ्यांचा आवाज येत राहिला. दादासो भिंतीशी उभा होता. बाप त्याच्याजवळ गेला तशी तो दोन पावलं सरकला.

सकाळी पहिल्या गाडीनं रामहरी, सुकन्याचा बाप, आला. हडकुळा, मातीनं रापलेल्या हातांचा माणूस. दादासोनं त्याला सगळं सांगितलं. व्याह्यानं शिव्या द्याव्यात, गळा धरावा, म्हणून जोतीराम वाट बघत उभा होता. रामहरीनं काहीच केलं नाही. तो दवाखान्याच्या पायरीवर बसला आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"आज बरी वाटतेय," डॉक्टर म्हणाला, "पण त्यावर जाऊ नका. या औषधाचं काम आतून चालतं. दोन-तीन दिवस गेल्याशिवाय मी काही सांगणार नाही. काल उजेड असतानाच आणली असती तर आत्ता सांगितलं असतं."

जोतीराम आत गेला. खाटेवर सुकन्या, दंडाला सुई. चेहरा एका रात्रीत आत ओढल्यासारखा झालेला. पायथ्याशी तानूबाई बसून तिच्या तळव्यांना तेल चोळत होती. तिनं नवऱ्याकडं वर पाहिलं नाही.

"पोरी," तो म्हणाला. "फरशी घालतो आजच. जाऊन लगीच घालतो."

सुकन्यानं डोळे उघडले. घसा सोलून निघाला होता, आवाज फुटत नव्हता. "मामंजी, एक इचारू?"

"इचार की."

"काल तुमी आलासा, तवा म्या तुमच्याकडं बघत हुती. भगुलं चुकून न्हाय सांडलं. तुमी सांडलं."

तानूबाईचा हात थांबला.

"व्हय," जोतीराम म्हणाला.

"म्हंजी घरातल्या कुणी खाऊ ने म्हणून."

"व्हय."

मग तिनं मान त्याच्याकडं वळवली. चेहऱ्यावर राग नव्हता. खरोखरच विचारायचं होतं म्हणून तिनं विचारलं.

"आन् म्या तर खाल्लं हुतं. माझं काय?"

जोतीरामनं वर टांगलेल्या बाटलीकडं नजर नेली. बाटलीतलं पाणी थेंब थेंब उतरत होतं. तानूबाईनं तेलाची वाटी खाली ठेवली, सुनेच्या पायावर चादर ओढली आणि आता नवऱ्याकडं वर मान करून सांगितलं, "तुमी बाहीर जावा."

तो बाहेर गेला. रामहरी पायरीवर तसाच बसला होता. त्यानं जागा दिली नाही, म्हणून जोतीराम रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला.